लाकडाचं वय नव्हे, पाणी कुठे मुरतंय ते बघा

प्रश्न असा आहे: वाईजवळच्या गावात पणजोबांनी बांधलेला दुमजली वाडा आहे. खांब, तुळया, कडीपाट सगळं सागवानी. एका इंजिनिअरने पाहून सांगितलं की लाकडाचं आयुष्य ७०-८० वर्षं असतं, ते संपलंय, आता पाडून आरसीसी करा. हे खरं का? पाडलाच तर जुनं लाकूड पुन्हा वापरता येईल का? आणि आजच्या काळात नवं घर लाकडात बांधणं शहाणपणाचं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा निर्णय त्यावर अडलाय. लाकडाला असं ठरलेलं आयुष्य नसतं. कोरडं राहिलेलं, वारा लागणारं आणि कीड न लागलेलं सागवान शंभर वर्षांनंतरही जवळपास पहिल्याइतकंच वजन पेलतं. ७०-८० वर्षं हा आकडा बहुधा मूल्यांकनाच्या तक्त्यांतून आलेला असतो. घसारा काढायचा तर प्रत्येक प्रकारच्या बांधकामाला काहीतरी वर्षं धरावीच लागतात. तो हिशेबाचा आकडा आहे, तुळईच्या तब्येतीचा नाही. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि वयामुळे मोडलेली तुळई मला अजून पाहायला मिळालेली नाही. मोडलेल्या पाहिल्या त्या सगळ्या पाण्याने, वाळवीने किंवा माणसाने नंतर चढवलेल्या वजनाने मोडलेल्या.

पुरावा हवा असेल तर वाईहून तीनेक तासांवर कार्ल्याच्या लेण्यांत जा. तिथल्या मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे कातळात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, मान वर करून पाहिलं की कमानदार छताला लावलेल्या लाकडी फासळ्या दिसतात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे ते. शेजारच्या भाजे लेण्यांतलं चैत्यगृह त्याहून जुनं, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथल्या काही फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरंही आहेत. इंजिनिअर म्हणून एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: या फासळ्यांवर डोंगराचं वजन नाही. छत कातळाचं आहे आणि ते स्वतःच उभं आहे. मग लाकूड लावलं कशाला? कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे लाकडाचं घर होतं. भाज्याला खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. दगडी खांबाला कलण्याची काही गरज नव्हती. पण लाकडी कमानीचा बाहेर ढकलणारा रेटा घ्यायला खांब आत कलवायची सुताराची रीत होती आणि पाथरवटाने ती तशीच दगडात उतरवली. म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात जुनं लाकूडकाम आज शिल्लक आहे ते दगडाच्या रूपात. सुतारांनी बांधलेली मूळ घरं उन्हापावसात गेली, कार्ल्याच्या फासळ्या राहिल्या. फरक फक्त डोक्यावरच्या कातळाचा.

लाकूड कुजतं म्हणजे त्यात बुरशी वाढते आणि ती त्याचा गर खाते. या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल लागते. त्याखाली ती वाढू शकत नाही. घराच्या आतलं, छपराखालचं लाकूड देशावर बहुतेक काळ १० ते १५ टक्क्यांत असतं, कोकणात पावसाळ्यात त्याहून वर जातं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि कीटकांना नकोशी द्रव्यं असतात, म्हणून चुकूनमाकून ओल आली तरी तो बराच काळ तग धरतो. इथे 'गाभ्यात' हा शब्द महत्त्वाचा आहे. सालीलगतचा पांढुरका भाग सागाचा असला तरी त्याला भुंगा आणि वाळवी इतर कोणत्याही लाकडासारखीच लागते. आज 'सागवानी' म्हणून घेतलेल्या चौकटीला चार वर्षांत भुसा पडू लागतो, त्याचं कारण हेच. लावल्यापासून पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागात गाभा कमी आणि पांढरं जास्त. तुमच्या पणजोबांच्या काळचा सोट जंगलात सावकाश वाढलेला, जाड घेराचा होता, आणि जुना सुतार त्याचा पांढरा भाग तासून टाकायचा. दोन्हींना आपण सागच म्हणतो, पण बाजारात ती दोन वेगळी लाकडं समजावीत.

जुन्या लोकांनी सगळीकडे सागच वापरला असंही नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर खांब-तुळयांना ऐन, किंजळ, नाणा भरपूर दिसतो. ऐन सागापेक्षा जड आणि टणक, फक्त त्याला ओलीत ठेवायचं नाही. फणसाचं पिवळं लाकूड घराच्या दारांना आणि देव्हाऱ्याला. शिवण हलकी, वळत-पिळत नाही, म्हणून फळ्यांना. आंबा तात्पुरत्या कामाला. बाभूळ औतांना. कोणत्या झाडाचं काय करायचं हे ठरलेलं होतं, कारण लाकूड आसपासच्या रानातून यायचं आणि सुताराला त्याची खोड माहीत असायची. शनिवारवाड्यासारखं काम असेल तेव्हाच ते लांबून आणायचे. १७३० ते १७३२ मध्ये तो बांधला तेव्हा साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आला असं सांगतात.

आता वाड्याच्या रचनेबद्दल, कारण पाडायचं की नाही हे तिच्यावर ठरतं. वाड्याचं वजन पेलतो लाकडी सांगाडा. उथाळ्यावर म्हणजे दगडी बैठकीवर खांब, खांबावर हस्त म्हणजे तुळई झेलणारा आडवा तुकडा, हस्तावर तुळई, तुळईवर फूटभर अंतराने कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. दोन खांबांमधला एक खण साधारण पाच-सहा फुटांचा. भिंती जाड असतात, बाहेरच्या कड्यांची टोकं त्यांत रुतलेली असतात, तरी वाड्याचा मुख्य भार खांबांवर असतो. सांधे सालकुसाचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, खुंटी नाहीतर पाचर मारलेले. याचा मोठा फायदा असा की एक खांब, एक कडी सुटी काढून बदलता येते. आरसीसीमध्ये ही सोय नाही. तिथे गज गंजला आणि स्लॅबचे पोपडे पडू लागले की सगळ्या चौकटीचाच विचार करावा लागतो.

'सांगाडा वेगळा, भिंत वेगळी' याची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात 'दगड, माती आणि लाकडाची घरं माणसं मारतात' असं मनात बसलं. पण त्या घरांच्या पाहणीत तज्ज्ञांनी नोंदवलेली गोष्ट लोकांपर्यंत पोचलीच नाही. बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या होत्या आणि लाकडी खणांवरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, जागेवर उभं होतं. माणसं दगडांखाली गेली. दोन-तीन फूट जाड भिंती, बाहेरचा एक थर आणि आतला एक थर, मध्ये मातीचा भराव, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटतात. त्यात वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि गळू नये म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर चढवत गेल्याने ते कुठे कुठे दोन फुटांपर्यंत गेलेलं. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला जवळपास ५०० किलो होतं, दोन फुटांचं त्याच्या दुप्पट. मंगलोरी कौलांचं छप्पर वासे-रिपांसकट शंभर किलोच्या आत बसतं. भूकंपात जेवढं वजन वर, तेवढा आडवा धक्का मोठा, हे साधं गणित आहे.

तरी लाकडी सांगाड्याला मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही. खांब उथाळ्यावर नुसता ठेवलेला असतो, तुळई खांबावर नुसती बसवलेली असते, आणि तिरका टेकू कुठेच नसतो. उभं वजन हा सांगाडा उत्तम घेतो, आडवा धक्का घेताना मात्र तो झुकतो. काश्मिरात धज्जी-देवारीच्या भिंतीत लाकडाचे तिरके तुकडे भरपूर असतात आणि मध्ये विटा-दगडांचे छोटे चौकोन भरलेले असतात. २००५ च्या भूकंपात ती घरं बरीच चांगली टिकली. आसामात १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर हलक्या लाकडी चौकटीची, मध्ये कुडाची भिंत असलेली घरं रुजली ती यामुळेच. आपल्या वाड्यांत हे तिरके टेकू आजही बसवता येतात. खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचा एक टेकू, दोन बोल्ट, आणि खांबाच्या तळाला दगडात रुतवलेली लोखंडी पट्टी. वाड्याच्या मानाने खर्च फार नाही, आणि हे कामही गावच्या सुताराला जमण्यासारखं आहे.

तर तुमच्या वाड्यात पाहायचं काय? एक टोच्या, एक छोटा हातोडा, बॅटरी आणि जमल्यास ओल मोजायचं यंत्र घ्या. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत बरं मिळतं. दिवाणखान्यातून सुरुवात करू नका. सगळ्यात आधी मोरीखाली जा. वरच्या मजल्यावर मोरी आहे का, नंतर कधी संडास-बाथरूम काढलंय का, त्याखालच्या कड्या आणि तुळई कशा आहेत? माझ्या पाहण्यात धोकादायक झालेल्या वाड्यांपैकी बहुतेकांचं दुखणं इथे सुरू झालेलं असतं. मूळ वाड्यात वर पाणी नव्हतंच. नळ आले, भाडेकरू आले, कडीपाटावर सिमेंटचा कोबा करून त्यावर टाक्या ठेवल्या. सिमेंटला भेग जाते, पाणी फळीत उतरतं, आणि खालून पीओपी मारलेलं असल्याने पाच वर्षं कुणाला कळत नाही.

मग भिंतीत रुतलेली कड्यांची आणि तुळयांची टोकं बघा, विशेषतः पावसाच्या माऱ्याच्या बाजूची. टोच्या लाकडाच्या रेषांना काटकोनात खुपसा. चांगल्या सागात तो चार-पाच मिलिमीटरपुढे जात नाही आणि परत काढताना लांब चिवट ढलपी निघते. कुजलेल्यात तो सहज रुततो आणि लाकूड चौकोनी तुकड्यांनी तुटतं. हातोडीने वाजवलं की भरीव लाकूड खणखणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. त्यानंतर दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीखालचे वासे. शेवटी खांबांचे पाय. इथे एक आधुनिक घोटाळा हमखास सापडतो. ओसरीला नवी फरशी बसवताना जमीन चार-सहा इंच वर येते आणि दगडी उथाळं फरशीखाली गाडलं जातं. आता खांबाचा लाकडी पाय सिमेंटमध्ये उभा. उथाळं मुळात ठेवलं होतं ते जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये म्हणून. फरशीने ते कामच बंद पाडलं. पांढऱ्या मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करणंही त्याच जातीचं. भिंतीतली ओल बाहेर सुकायची ती आत कोंडते आणि कडीच्या टोकात शिरते.

घाबरवणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टीही सांगतो. खांबाला उभी, रेषांच्या दिशेने गेलेली भेग बहुतेकदा लाकूड सुकताना पडलेली असते. पणजोबांच्या हयातीतच ती पडली असेल. रेषांना आडवी भेग, किंवा तुळईच्या मधोमध खालच्या अंगाला चिरफाळलेलं लाकूड, हे मात्र गंभीर. तुळई मध्ये इंचभर झुकलीय, तीही लगेच पाडण्याजोगी नसते. लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली राहिलं की सावकाश वाकतं आणि तिथेच स्थिर होतं. दोरी लावून झोक मोजा, तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढत असेल तर वजन कमी करा. यंत्रावर १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर निर्धास्त राहा, २० च्या वर असेल तर आधी पाण्याची वाट शोधा आणि मग लाकडाला हात लावा. उलटं केलं तर नवं लाकूडही जाईल.

दुरुस्ती म्हणजे कुजलेलं तेवढं कापून काढायचं आणि त्याच जातीचं जुनं लाकूड तिरक्या लांब सांध्याने जोडून स्टेनलेस बोल्टने आवळायचं. खांबाचा खालचा फूट-दीड फूट गेला असेल तर तेवढा कापून उंच दगडी उथाळं द्या. कडी अर्धी गेली असेल तर शेजारी जोडकडी. तुळईचं टोक गेलं असेल तर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या. लाकडाभोवती काँक्रीट ओतून 'मजबूत' करायला कुणी सांगितलं तर त्याला चहा देऊन परत पाठवा. आत ओल अडकते आणि खांब काँक्रीटच्या पाकिटात कुजतो. कीडनाशक म्हणून घराच्या आत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं मिश्रण पुरेसं आहे, माणसांना त्याचा फारसा त्रास नाही. पूर्वी बिब्ब्याचं तेल लावायचे, कोकणात काजूच्या टरफलाचं. दोन्ही कामाची आहेत, पण अंगावर उततात, मजुरांना हातमोज्यांशिवाय हात लावू देऊ नका. जाता जाता, तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं जे संरक्षक जगभर खांबांना आणि कुंपणांना वापरलं गेलं ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ च्या सुमारास शोधलं. आर्सेनिकमुळे आता अनेक देशांत घरांसाठी ते टाळतात, पण शोध आपल्याकडचा होता.

आगीची भीती खोटी नाही. मुंबईच्या कोटातली दाट लाकडी वस्ती १८०३ मध्ये जळाली, शनिवारवाडा १८२८ मध्ये. तरी नेमकं काय जळतं ते समजून घ्या. जाड तुळईला आग लागली की बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. कोळसा होण्याचा वेग मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या तासात दहा इंची तुळईच्या प्रत्येक अंगाचा इंचही जात नाही. उघडं लोखंड साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं. वाडे जळतात ते पातळ फळ्या, रिपा, जाळीकाम आणि पडद्यांमुळे, आणि चौक धुराड्यासारखा वारा ओढतो म्हणून. आजच्या वाड्यात यात भर पडलीय ती कापडी वायरींची. बाकी काही करायचं नसेल तरी वायरिंग बदला, तेही पाईपमधून.

दुसरा प्रश्न, लाकूड पुन्हा वापरण्याचा. येतं, आणि नव्या सागापेक्षा चांगलं येतं. ते पुरतं सुकलेलं असतं, आता वळणार नाही. जुन्या सालांच्या खाचा जिथे आहेत तिथे ते कमकुवत, म्हणून दहा फुटी तुळई पुन्हा दहा फुटी गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या तेवढ्या अंतराला, न वापरता कापून लहान गाळ्याला किंवा वासे-चौकटींना घ्या. कापायच्या आधी खिळे काढून घ्या, नाहीतर गिरणीवाला पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल. सांभाळायची गोष्ट व्यवहाराची आहे. पाडकाम करणारे 'आम्ही फुकट पाडतो, मोडलेला माल आमचा' असं सांगतात. त्या मालातलं सागवान पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा थेट हॉटेलवाल्यांना घनफुटावर विकलं जातं, आणि कोरीव दिंडी दरवाजा तर वेगळ्याच भावाने. तेव्हा एकही खांब हलवण्याआधी सगळ्या लाकडाची लांबी, रुंदी, जाडी मोजून घनफूट काढा, फोटो काढा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. हे केल्यावर बऱ्याच घरांचा पाडण्याचा विचार बदलतो असा अनुभव आहे.

आता नवं घर. इथे मला तुम्हाला थोडं थांबवावंसं वाटतं. संपूर्ण सागवानी वाडा आज बांधू नका. हौस म्हणून परवडला तरी तेवढा जुन्या घेराचा साग मिळत नाही. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने देशभरच्या जंगलतोडीला चाप बसला. केंद्रीय बांधकाम खात्याने त्याआधीच, १९९३ मध्ये, आपल्या कामांत लाकूड बंद केलं होतं, ते २०२० मध्ये पुन्हा उघडलं. म्यानमारने २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात थांबवली, त्यामुळे 'बर्मा टीक'चा जुना मोठा सोट आता मिळतो तो बहुधा जुन्या चाळींतून निघालेला. आज दुकानात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग असतो, चौकटींना 'मलेशियन साल' नावाने विकलं जाणारं लाकूड, आणि कांडला बंदरातून येणारा पाइन. आपला उत्तम साग अजून गडचिरोली-चंद्रपूरकडे आहे. बल्लारशाच्या आगारातूनच मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड रवाना झालं. लिलावात तो घ्यायचा तर खिसा मंदिराएवढा हवा. तुमच्या शेताच्या बांधावर साग असेल तर तो तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली वनखात्याची परवानगी घ्या, झाड स्वतःचं असलं तरी.

मात्र लाकडाचा मजला आणि लाकडाचं छप्पर आजही बांधावं, आणि ते हिशेब करून बांधावं. भारतीय मानकांत आयएस ८८३ त्यासाठीच आहे. एक उदाहरण देतो. १० फुटी गाळा, दोन-दोन फुटांवर कड्या, चौरस मीटरला एकूण ३०० किलो भार. ३ इंच रुंद आणि ६ इंच उंच कडी घेतली तर लाकडावरचा ताण चौरस मिलिमीटरला ७.२ न्यूटनच्या आसपास येतो. सागाच्या गटाला मानक १२ पर्यंत परवानगी देतं. म्हणजे ताकद भरपूर. पण झोक येतो ९ मिलिमीटर, आणि तो काठावरचा आहे. चालताना मजला थरथरतो. सात इंच उंची केली की झोक सहा मिलिमीटरच्या आत आणि प्रश्न मिटला. लाकडात जवळजवळ नेहमी असंच होतं, मोडण्याआधी वाकणं आडवं येतं. म्हणून कडी उभी ठेवायची. हीच ३ बाय ६ ची कडी आडवी टाकली तर ताकद निम्मी आणि ताठपणा चौथा हिस्सा. जुन्या वाड्यांत चौकोनी कड्या दिसतात, तिथे हा धडा पाळलेला नाही. लाकूड मुबलक होतं, चालून गेलं.

असा मजला फळ्यांसकट चौरस मीटरला साठ किलोंच्या आतच. पाच इंची स्लॅब तीनशेच्या वर. खालच्या भिंती आणि पाया त्या मानाने हलका करता येतो. परदेशात तर पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून जाड तुळया आणि लाद्या करतात आणि त्यात बहुमजली इमारती उभ्या राहतात. नॉर्वेतली म्योस्टॉर्नेट ही इमारत १८ मजली, ८५ मीटर उंच, २०१९ ची. अमेरिकेतल्या आपल्या भाच्या-पुतण्यांची घरं बहुतेक पाइनच्या दोन-चार इंची काठ्यांची असतात आणि त्यासाठी ते तीस वर्षं हप्ते भरतात. इकडे त्यांचे आजोबा सागाचा वाडा 'लाकडी' म्हणून पाडतात. चिकटवलेल्या लाकडाचा वापर आपल्याकडे अजून तुरळक आहे, सरींचा पाऊस आणि वाळवी धरून तपशील ठरवणारी माणसंही थोडी आहेत. गावातल्या घरासाठी त्याच्या मागे लागू नका. प्लायवूड, एमडीएफ ही कपाटांची सामग्री आहे, घर पेलायची नव्हे. फक्त मोरी-स्वयंपाकघराजवळ प्लायवूड वापरणार असाल तर पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडच्या मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का बघून घ्या.

तुमच्या ठिकाणी मी काय करेन? वाड्याचा पुढचा सोपा आणि माजघर बहुधा वाचेल; टेकू, उथाळी, वायरिंग आणि छप्पर एवढं करून घ्यावं. मागचा भाग गेला असेल तर तेवढाच उतरवावा. तिथे विटांच्या भिंती, जोत्याला, लिंटेलला आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे, मोरी-संडास तळमजल्यावर आणि तेही या नव्या भागात. वरचा मजला आणि छप्पर उतरवलेल्या सागाचं, कमी पडेल तिथे ऐन. नवं लाकूड घ्याल ते पावसाळ्याआधी घ्या, सावलीत लाकडी पट्ट्यांवर थर लावून ठेवा आणि दिवाळीनंतरच कामाला घ्या. भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक टोकाभोवती अर्धा इंच हवेची फट सोडायला सांगा. गवंडी ती सिमेंटने भरायला जातोच, तिथे उभं राहावं लागतं.

आणि पुढे फोटो पाठवणार असाल तर दर्शनी कोरीव कामाचे नकोत. खांबांचे पाय, भिंतीत शिरणारी कड्यांची टोकं आणि मोरीखालचं छत, एवढे तीन पाठवा. पीओपी असेल तर हातभर उघडून मग काढा.